ताकाचा हंडा

“आजी, मान हलवू नका हं.”

“नाय गो हलवत,” म्हणत बनुबाईने मान हलवली.

काचेपलीकडच्या पडद्यावर तिच्या मेंदूचं चित्र पुन्हा फिसकटलं. दीप्तीने मशीन थांबवलं.

महाडच्या या स्कॅन सेंटरमध्ये दीप्ती रोज सकाळी पाणी भरलेला एक गोळा मशीनमध्ये ठेवून त्याचा फोटो काढते. गोळा गोल दिसला, तरच पहिला पेशंट. सगळे हसतात. “मशीनच खोटं बोललं तर डॉक्टर काय करणार?” म्हणत तीही हसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा ठेवते.

बनुबाईचा मागच्या वर्षीचा, दुसरीकडे काढलेला स्कॅन असाच पुसट होता. एक डॉक्टर म्हणाले स्मृतिभ्रंश, दुसरे म्हणाले वय. तिच्या मुलाने, सुनीलने, तिसरंच ठरवलं.

“नाटकं हायत, मॅडम. जेवून उठते नि शेजारी सांगते, जेवाय दिलं नाय. बायको रडते माजी.”

“आधी काय करायच्या आजी?”

“हिरकणीवाडीला ताक विकायची. गडाच्या पायऱ्या चढायची डोक्यावर हंडा घेऊन. हात नाय लावायची.”

दीप्ती आत गेली. बनुबाईच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना मऊ उशा सरकवल्या, टाळूवर हात दाबून धरले.

“आजी, हंडा चढवलाय. काठोकाठ हाय. गिऱ्हाईक वर थांबलंय.”

“सोड हात. माज्या डोक्यावरचा कदी सांडलाय?”

चुंबकाच्या त्या खोलीत टाचणी न्यायलाही बंदी. शब्दांतला पितळी हंडा दीप्तीने बिनदिक्कत नेला.

मशीन धडधडू लागलं. मान हलली नाही. पडद्यावर मेंदूची घडी न् घडी उमटली.

डॉक्टरांनी सुनीलला आत बोलावलं. “हा आठवणींचा भाग. बराच आक्रसलाय. बाकीच्या तपासण्यांशीही जुळतंय. आजारच आहे.”

“म्हंजे नाटक नाय?”

“नाही.”

सुनील पडद्याकडे बघत राहिला. “काल मी ताट ओढून घेतलं तिच्याम्होरून,” तो म्हणाला.

बाहेर बाकावर बनुबाई ताठ बसली होती. दीप्तीने चपला पुढे सरकवल्या, तरी ती खाली बघेना.

“झालं आजी, चला.”

“चला काय? हंडा कोण उतरवंल?”

दीप्ती पुढे झाली. सुनीलने तिला हातानेच थांबवलं. मग आईच्या डोक्यावर दोन्ही हात नेऊन त्याने हंडा उचलला, आणि सांडू नये म्हणून सावकाश वाकत जमिनीवर ठेवला.