सत्याहत्तर नंबरची शिट्टी

"चावरं कुत्रं दारात बांधायचं असेल तर आधी घरातल्यांना विचारावं," व्हर्न ह्राबाक मीटिंगमध्ये म्हणाला आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं हसली. त्याला वाटलं, आपलं पटलं. पटलं कुठलं, नुसती करमणूक झाली होती.

पोर्ट कॅलोवेच्या फुटबॉल टीमचं नाव फर्नेस. गावातल्या पोलादाच्या भट्ट्या विझून एक पिढी उलटली, पण नाव तेवढं तापतं ठेवलंय, कारण त्यावर टोप्या खपतात. हा फुटबॉल लाथेनं चेंडू उडवायचा नव्हे. इथं एकजण मागं उभा राहून चेंडू हातानं फेकतो, तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढं पाच रेड्यांसारखी माणसं अंगाची भिंत करतात, ते लाइनमन. फेकणाऱ्याचं तोंड गावभर भिंतीभिंतींवर रंगवतात. लाइनमनचं नाव लोकांना कळतं ते पंच पिवळं फडकं जमिनीवर टाकतो आणि भोंग्यावरून अपराध्याचा नंबर सांगतो तेव्हाच. व्हर्न या भिंतीचा कोच. जवानीत स्वतः भिंतीत उभा राहून दोन्ही गुडघे घालवून बसलेला.

यंदा त्याच्या जिवाला एकच घोर होता, मायका लव्हेटचा गुडघा. मायका त्यांचा क्वार्टरबॅक, चोविशीतलं पोर, आणि हात असा की वाऱ्यातसुद्धा चेंडू दोरीवरून सरकावा तसा जाई. मागच्या हंगामात डाव्या बाजूनं, पाठीमागून त्याला एकानं झोडपलं. डॉक्टरनं गुडघा शिवला आणि मायकाच्या देखतच व्हर्नला सांगितलं, "आता फाटला तर शिवायला कापड उरलेलं नाही." उजव्या हातानं फेकणाऱ्याला डावीकडून येणारा दिसत नाही. तिथं उभा राहणारा लाइनमन म्हणजे त्याचा पाठीवरचा डोळा. ती जागा रिकामी होती.

त्या जागेसाठी ट्रेंट ॲशवर्थला कोडी ब्रँडव्होल्ड हवा होता. ॲशवर्थ टीमचा मॅनेजर. कुणाला घ्यायचं, कुणाला हाकलायचं हे त्याच्या हातात. वयानं व्हर्नपेक्षा धाकटा पण खुर्चीनं थोरला, म्हणून सरळ अरेतुरे करायचा. ब्रँडव्होल्डला आधीच्या दोन टीमनी वैतागून सोडला होता. गडी ताकदीचा, पण शिट्टी वाजून खेळ थांबल्यावरही समोरच्याला आडवा करायचा. प्रत्येक वेळी पेनल्टी, प्रत्येक वेळी टीम पंधरा यार्ड मागं.

"जो पंचाची शिट्टी ऐकत नाही तो माझं काय ऐकणार?" व्हर्न म्हणाला.

"अरे, पेनल्टी म्हणजे त्याच्या रागाचा कर समज. राग पाहिजे ना? मग भरायचा कर."

"भरणार कोण? तू तर वर काचेच्या खोलीत बसून सामना बघत कोळंबी खाणार."

"बरं, तूच सांग. मायकाच्या पाठीशी कोणाला उभा करू? पाद्र्याला?"

डाव्या बाजूला पाद्री नको होता, हे व्हर्नलाही ठाऊक होतं. ब्रँडव्होल्ड आला.

नॉर्थ डकोटातल्या गुरांच्या वाड्यावर वाढलेला माणूस. मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. भिंतीतली माणसं दर गुरुवारी संध्याकाळी एकत्र जेवतात, आणि नव्यानं सगळ्यांना खाऊ घालायचं अशी रीत. ब्रँडव्होल्डनं त्यांना क्लार्क स्ट्रीटवरच्या पोलिश बाईच्या खानावळीत नेलं. आणि जे कुणी कधी केलं नव्हतं ते केलं. मायकाला सोबत आणलं.

"ए, फेकणारा या पंगतीत बसत नाही," तासी म्हणाला. तासी मधल्या जागेवर खेळायचा. सामोआ बेटावरचा माणूस, भिंतीतला सगळ्यात जुना, तोंडानं फटकळ.

"माझ्या पंगतीत बसतो," ब्रँडव्होल्ड म्हणाला. त्यानं ताटातून बटाटा-चीज भरलेले पिरोगी उचलले आणि मायकाच्या ताटात रचले. "खा रे. तू मोडलास तर मला कुत्रं विचारणार नाही."

"आत्ता तरी कोण विचारतंय?" तासी म्हणाला. ब्रँडव्होल्ड टेबल हादरेपर्यंत हसला. व्हर्नला तो माणूस आवडला, आणि आवडला याचाच राग आला.

खेळ सुरू झाल्यावर तर व्हर्नची बोलतीच बंद झाली. डाव्या बाजूनं कुणाची छाती होईना. पिवळी फडकी पडत होती, पण समोरची माणसं मायकाकडं धावण्याआधी ब्रँडव्होल्डकडं बघायला लागली होती, आणि या खेळात तेवढी अर्धी नजर पुरते. मायका उभा राहिला. निवांत उभा राहिला. कपड्यांवर माती न लागता घरी जाऊ लागला. टीम जिंकू लागली. गावानं तर ब्रँडव्होल्डला डोक्यावर घेतलं. ज्यांचे बाप भट्टीतून काढून टाकले गेले, ती माणसं सामन्याआधी पार्किंगमध्ये सॉसेज भाजत, बिअर ढोसत त्याच्या नंबराचे शर्ट घालून ओरडायची, "सत्याहत्तर! मार त्याला! शिट्टी गेली खड्ड्यात!" यांच्या पोटावर पाय देणारे कधी यांच्या हाताला लागले नाहीत. मग दर रविवारी कुणीतरी यांच्या वतीनं कुणालातरी पाडावं, एवढीच यांची मिजास. आणि तिला तिकीट लावून विकणारे वर काचेच्या खोलीत.

मग क्लीव्हलंडमधला तो सामना आला. जिंकायला हातभर अंतर उरलेलं. शिट्टी वाजली, खेळ थांबला. समोरचा एकजण खाली पडलेल्या मायकाच्या अंगावरून उठताना मुद्दाम त्याच्या शिवलेल्या गुडघ्यावर हात टेकून, सगळा भार देऊन उठला आणि हसला. पंचानं ते पाहिलं नाही. ब्रँडव्होल्डनं पाहिलं. त्यानं त्या माणसाला उचलून असा आपटला की त्याचं शिरस्त्राण घरंगळत बाजूच्या रेषेपर्यंत गेलं. पिवळं फडकं. पंधरा यार्ड मागं. सामना गेला.

त्या संध्याकाळी ॲशवर्थ रेडिओवर शिस्तीबद्दल बोलला. शिस्त! सहा महिन्यांपूर्वी ज्याला रागाचा कर भरायची घाई झाली होती तोच माणूस. सकाळी त्यानं व्हर्नला बोलावलं. "आपण बाद फेरीत पोचलोय. एक पेनल्टी आणि खेळ खलास. त्याला माणसात आण."

"तू माणूस म्हणून आणला नव्हतास त्याला."

"व्हर्न, तत्त्वज्ञान नको. तुझं काम शिकवायचं. शिकव."

टेबलावर पिवळ्या प्लॅस्टिकच्या शिट्ट्यांचं खोकं उघडं पडलं होतं. एकेकीवर ७७ छापलेलं. व्हर्ननं एक उचलली.

"ही काय थट्टा?"

"बाद फेरीच्या सामन्याला येणाऱ्या प्रत्येकाला फुकट. गंमत रे. शिट्टी न मानणारा आपला सत्याहत्तर! लोक वेडे होतील."

"खेळ चालू असताना कुणी वाजवली तर?"

"विश्रांतीतच वाजवा, असं भोंग्यावरून सांगणार आहोत."

"बिअर ढोसलेली माणसं भोंगा ऐकतात होय?"

"तुला गंमत म्हणून कळतच नाही," ॲशवर्थ म्हणाला आणि फोन उचलला. म्हणजे, चालता हो.

व्हर्न मैदानावर गेला आणि त्यानं शिकवायला घेतलं. काम एकच. धक्काबुक्की चालू असताना तो मधेच शिट्टी वाजवायचा. ती वाजताच ब्रँडव्होल्डनं दोन्ही हात वर करायचे आणि एक पाऊल मागं सरायचं. पुन्हा. पुन्हा. जिवाला कंटाळा येईपर्यंत.

"कोच, सर्कशीतल्या सीलसारखा नाकावर चेंडू तोलायलापण शिकवा," तासी लांबून ओरडला. "मग मासा टाकू त्याला."

ब्रँडव्होल्डनं शिरस्त्राण काढून आपटलं. "चावणारा पाहिजे म्हणून आणलंत आणि आता दात उपटताय? मला नाही जमायचं."

व्हर्ननं त्याला बाकावर बसवलं. शिव्या दिल्या नाहीत. "ऐक बाळा. तुझ्या एका पेनल्टीनं आपण पंधरा यार्ड मागं जातो. मागं गेलो की पळून भागत नाही, चेंडू लांब फेकावा लागतो. लांब फेकायचा तर मायकाला जास्त वेळ उभं राहावं लागतं. जास्त वेळ उभा राहिला की कुणीतरी पोचतंच. आता सांग, त्याला कोण मारतंय?"

ब्रँडव्होल्डनं आपटलेलं शिरस्त्राण उचलून मांडीवर घेतलं.

"हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"विचारलं होतंस?"

"नाही. मला सगळे नुसतं 'मार' म्हणायचे. लहानपणापासून."

मग तो शिकला. अडाणी माणूस मनावर घेतो तेव्हा जसं शिकतो तसा, हाडापर्यंत. शेवटी शेवटी तर दुसऱ्या मैदानावर शिट्टी वाजली तरी याचे हात वर. व्हर्नला अभिमान वाटला. ज्याला सगळ्यांनी टाकून दिलं, त्याला मी वळण लावलं. घरी बायकोलाही त्यानं हे सांगितलं. लॉरेन म्हणाली, "वळण लावलंस, पण समोरच्यांना कोण लावणार?" त्यानं ते हसण्यावारी नेलं.

बाद फेरीच्या दिवशी सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता आणि दारादारांवर पोरी शिट्ट्या वाटत होत्या. विश्रांतीत सगळं मैदान कर्कश्श वाजे. भोंगा विनंती करी, लोक त्यालाच शिट्ट्या मारत. व्हर्न पंचाकडं गेला. पंच म्हणाला, "आमची ओळखू येते, कोच. तुम्ही खेळा." ब्रँडव्होल्डच्या नावावर दिवसभरात एकही पिवळं फडकं नव्हतं. वरच्या खोलीतून ॲशवर्थनं अंगठा दाखवला.

शेवटच्या भागात फर्नेस पुढं होती आणि चेंडू त्यांच्याच टोकाच्या रेषेजवळ होता. त्या टोकाला प्रेक्षकांच्या खुर्च्या अगदी मैदानाला चिकटून, थुंकलं तर खेळाडूच्या अंगावर पडेल इतक्या. मायकानं चेंडू घेतला, मागं सरला. डावीकडून समोरच्यांचा सॉयर नावाचा दांडगा धावला आणि ब्रँडव्होल्डनं त्याला छातीवर झेलला, रोवला, थांबवला. इतकं सुरेख काम त्यानं वर्षभरात केलं नव्हतं.

आणि पाठीमागच्या पहिल्या रांगेतून शिट्टी वाजली.

ब्रँडव्होल्डचे दोन्ही हात वर गेले. तो एक पाऊल मागं सरला. बरोब्बर शिकवल्यासारखा.

सॉयरला कुणी असलं काही शिकवलेलं नव्हतं. तो बाजूनं निघाला आणि पाठीमागून मायकाच्या कमरेखाली शिरला. त्या गारठ्यातही तो आवाज बाजूच्या रेषेवर व्हर्नला ऐकू आला. पिवळं फडकं पडलं नाही. पडणार कशाला? पंचाची शिट्टी वाजलीच नव्हती. सॉयरनं काहीच वावगं केलं नव्हतं.

ब्रँडव्होल्ड तसाच उभा होता, हात वर केलेला, जणू कुणी त्याच्यावर बंदूक रोखलीय.

सामना गेला, त्याचं कुणाला काय. दवाखान्यात व्हर्न मायकाच्या पलंगाशी बसला. पोराची आई खिडकीशी पाठमोरी उभी होती, आणि ती वळली नाही तेच बरं झालं.

"डॉक्टर काय म्हणाला?" मायकानं विचारलं.

"झोप तू."

"कोच, कापड उरलं का?"

व्हर्ननं त्याचं पांघरूण सारखं केलं. मायकानं मान भिंतीकडं केली. "मीही ऐकली ती शिट्टी," तो म्हणाला. "मीही थांबलो होतो. कोडीला सांगा."

बाहेर ॲशवर्थ कॉफीचा पेला घेऊन उभा होता. "पत्रकार थांबलेत. आपण एवढंच म्हणायचं, ब्रँडव्होल्डनं ऐन वेळी हातपाय गाळले. त्याला सोडतोय. तू मान डोलाव, तुझी जागा पक्की."

"आणि शिट्ट्या?"

"कुठल्या शिट्ट्या?"

व्हर्न पत्रकारांपुढं गेला आणि झालं तसं बोलला. थांबायला मी शिकवलं, शिट्टी टीमनं वाटली, त्या पोरानं सांगितलं तेच केलं. कॅमेरे चालू होते. दुसऱ्या दिवशी गावभर एकच चर्चा, म्हातारा नोकरी वाचवायला प्रेक्षकांवर ढकलतोय. ज्यांनी शिट्ट्या मारल्या त्यांना तर हे फारच झोंबलं. सत्याहत्तरचे शर्ट पार्किंगमध्ये जाळले, सॉसेज भाजायच्या त्याच शेगड्यांवर. व्हर्नला काढलं. टीमच्या पत्रकात लिहिलं होतं, भिंतीत आक्रमकपणा कमी पडला.

सामान न्यायला तो आला तेव्हा कपाटांच्या खोलीत ब्रँडव्होल्ड पिशवी भरत होता. मायकाचा निरोप व्हर्ननं दिला. ब्रँडव्होल्डनं नुसती मान हलवली.

"डेन्व्हरकडून फोन आलेला," पिशवीची चेन ओढत तो म्हणाला. "घेतील म्हणतात. एकच विचारलं त्यांनी. शिट्टी वाजली की थांबतोस का?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला ऐकूच येत नाही."

व्हर्न आपलं खोकं उचलून दारापर्यंत गेला. तिथं थांबला.

"बरं केलंस," तो म्हणाला.