डाव्या कुशीवर

“अण्णा, भिंतीकडे तोंड करा,” लेक म्हणाली.

अण्णांनी तोंड फिरवलं. भिंतीच्या रंगाचे एका ठिकाणी पोपडे सुटले होते, तिकडे ते बघत राहिले. मागे चादरीची खसफस झाली, भांड्याचा आवाज झाला, मग थोडा वेळ काहीच नाही.

“झालं.”

अण्णांनी वळून भांडं उचललं, त्यावर झाकण ठेवलं आणि ते मोरीकडे गेले. पहिल्या दिवशी दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बापाने लेकीचं हे करायचं म्हणजे काय! पण दुसरं होतं कोण? तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. सासूबाई स्वतःच काठी घेऊन चालणाऱ्या. नवरा जहाजाच्या इंजिनघरात, आणि जहाज नेमकं कुठल्या पाण्यात आहे ते त्यालाही धड सांगता येत नसे. तेव्हा अण्णांनी सलूनच्या शटरला कुलूप घातलं, दोन शर्ट-पँटी पिशवीत कोंबल्या आणि ते लेकीच्या दोन खोल्यांत राहायला आले.

अण्णा बोलके. गिऱ्हाइकाचं तोंड साबणाने माखलेलं असतं म्हणून त्याला बोलता येत नाही, आणि अण्णांना गप्प बसता येत नाही, असं बाजारात सगळे म्हणायचे. सासऱ्याशी भांडलेला, परीक्षेत आपटलेला, नोकरी गेलेला, कसलाही माणूस खुर्चीत येऊन बसला तरी त्याला लावायला अण्णांकडे चार शब्द असत. लेकीच्या घरी आल्यापासून मात्र त्यांची जीभच लुळी पडल्यासारखी झाली होती.

लेकीच्या पोटात जुळं होतं. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघून, औषधं करून करून राहिलेलं. ती पोस्टात काउंटरला बसायची. बातमी कळल्यावर तिथल्या बायकांनी टोपरी, झबली, सगळं दोन-दोन आणून दिलं होतं. पाचव्या महिन्याच्या तपासणीला अण्णाच तिच्याबरोबर गेले होते. डॉक्टरीणबाई पोटावरून यंत्र फिरवत होत्या. फिरवता फिरवता त्यांचा हात एका जागी थांबला. त्या पुन्हा मागे आल्या, पुन्हा थांबल्या. मग त्यांनी पडद्याचं तोंड हळूच स्वतःकडे वळवलं.

“काय झालं?” लेकीने विचारलं.

“उजव्या बाजूच्या बाळाचे ठोके मिळत नाहीयेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या बऱ्या होत्या, उगाच आडवळणाने बोलल्या नाहीत. “डावीकडचं ठीक आहे. दोघांच्या पिशव्या वेगळ्या आहेत, त्यामुळे त्याला लगेच धोका नाही. पण तुमच्या गर्भाशयाचं तोंड सैल पडलंय. टाका घालावा लागेल. आणि आता झोपून राहायचं. शक्यतो डाव्या कुशीवर.”

“आणि ते दुसरं?”

“ते आत्ता काढता येत नाही. बाळंतपण होईल तेव्हा बरोबरच येईल.”

दवाखान्यातून दोघं रिक्षाने घरी आली. दारात उतरल्यावर लेक म्हणाली, “अण्णा, तुमची पिशवी राहिली आत.” त्यांनी मागे पळत जाऊन रिक्षा थांबवली.

असे दिवस सुरू झाले. अण्णा सकाळी भात-भाजी करत, गोळ्या देत, तिच्या पाठीला उशी लावत. रक्तदाबाचं यंत्र शेजारच्या कंपाउंडरने वापरायला दिलं होतं. त्यावरचा आकडा वर चढला की अण्णा पट्टा सोडून पुन्हा बांधायचे, पुन्हा मोजायचे. लेक डाव्या कुशीवर पडून खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघत असायची. नवऱ्याचा फोन आला तर “बरी आहे” म्हणायची आणि फोन अण्णांकडे द्यायची.

एके दिवशी अण्णांची मोठी बहीण आली. तिला सगळे अक्का म्हणायचे. पलंगाच्या कडेला बसून अक्काने भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला.

“वाईट नको वाटून घेऊस गं. एक गेलं, पण एक तर राहिलंय ना? काहींना तेवढंही मिळत नाही. आणि जुळी म्हणजे काय खायचं काम आहे? हाल झाले असते तुझे. जे होतं ते—”

“अक्का, चहा घेतेस?” अण्णा म्हणाले.

“आत्ताच तर घेतला.”

“मग चल, तुला खालपर्यंत सोडतो.”

अक्का उठली. जिन्यावर तिने भावाला चांगलंच फैलावर घेतलं, “मी काय परकी आहे का? तिच्या बऱ्याचंच सांगत होते ना!” अण्णांनी ऐकून घेतलं. ती काही दुष्ट नव्हती. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच बोललो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खुर्चीतल्या माणसांना त्यांनी जन्मभर हेच तर सांगितलं होतं.

ते वर आले तेव्हा लेक आढ्याकडे बघत होती.

“सगळे म्हणतात, गेलं,” ती म्हणाली. “गेलं कुठे अण्णा? इथंच तर आहे. मी कुशीवर वळले की तेही वळतं माझ्याबरोबर. हे लाथा मारतं, आणि त्या लाथा त्याला लागत असतील.”

अण्णा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ नुसते उभे राहिले.

चार-पाच दिवसांनी ती म्हणाली, “अण्णा, डोकं खाजतंय. कसला वास येतोय.” अण्णांना एकदम हुरूप आला. निदान हे तरी आपल्याला येतं! त्यांनी पलंगाच्या कडेला प्लॅस्टिक अंथरलं, खाली बादली ठेवली, तिची मान कडेला घेऊन खाली टॉवेलची वळकटी सरकवली आणि कोमट पाण्याने, सावकाश, कानात थेंब जाऊ न देता तिचे केस धुतले. तिने डोळे मिटले.

“मी ह्याच्याशी बोलतच नाही, अण्णा,” डोळे मिटूनच ती म्हणाली. “आधी दोघांशी बोलायचे. रोज. आता एकट्याशी कसं बोलू? आणि बोललेच, नि हेही गेलं तर?”

अण्णांनी आणखी एक तांब्या ओतला.

“पाणी गार नाही ना झालं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

ती रडायला लागली. टाका घातला त्या दिवशीही ती रडली नव्हती. अण्णा धुवून झालेले केस पुन्हा धुवत राहिले.

सातवा महिना लागला आणि एका दुपारी तिने हाक मारली. तो आवाज ऐकूनच अण्णांनी हातातली पळी टाकली. चादर लाल झाली होती. यंत्राचा पट्टा दंडाला बांधायचीही गरज नव्हती, तिचा चेहराच सुजून वेगळा दिसत होता. “अण्णा, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत.” कंपाउंडर आणि अण्णा, दोघांनी मिळून तिला खुर्चीसकट खाली उतरवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता थांबता येणार नाही. बाळ खूप लवकर येतंय, पण थांबलो तर दोघीही जातील.” ‘दोघीही’ हा शब्द त्या सहज बोलून गेल्या असतील. अण्णांनी तो धरून ठेवला: म्हणजे मुलगी आहे.

जावयाचा फोन लागला तेव्हा ऑपरेशन सुरू झालं होतं. मधेमधे आवाज तुटत होता.

“अण्णा, ती... ती कशी आहे?”

“आत नेलंय.”

“ऐका अण्णा. ते दुसरं तिला दाखवू नका. तिला सोसायचं नाही. दवाखान्यावाल्यांना सांगा, परस्पर करून टाका म्हणावं. तुम्हीही बघू नका.”

“बरं,” अण्णा म्हणाले. जावई माणूस चांगला होता. हजारो मैलांवरून तो दुसरं करणार तरी काय?

मुलगी झाली होती. नर्सने ती लांबूनच दाखवली आणि पळतच वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवायला नेली. रडण्याचा आवाज अण्णांना काही ऐकू आला नाही. थोड्या वेळाने दुसरी, वयस्क नर्स बाहेर आली.

“आजोबा, ते दुसरं आहे. मुलगा होता. आम्ही इथंच बघून घेतो, सगळे तसंच करतात. तुम्हाला बघायचंय का?”

नाही म्हणायला अण्णांनी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, “बघायचंय.”

स्टीलच्या ट्रेमध्ये हिरव्या कापडावर तो होता. अण्णांनी हात धुतले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मग दोन्ही हातांनी त्याला कापडासकट उचललं. वजन असं नव्हतंच. ते पाहत राहिले. त्यांच्या ओठांतून कसलातरी आवाज निघाला आणि नर्सने त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं.

“ह्याचं आत्ता काही करू नका,” ते म्हणाले. “तिला विचारू आधी.”

“अहो, पण तुमचे जावई...”

“तिला विचारू.”

लेकीची भूल उतरायला संध्याकाळ झाली. रक्तदाब अजून खाली येत नव्हता. तिला हलवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मुलगी वरच्या मजल्यावर, नळ्यांत गुंतलेली. तिला खाली आणता येत नव्हतं आणि आईला वर नेता येत नव्हतं.

“आहे?” लेकीने विचारलं.

“आहे. मुलगी आहे. श्वासाला मशीन लावलंय. डॉक्टर म्हणतात, आत्ता काही सांगता येत नाही, पण आहे.”

तिने डावा हात पोटावर ठेवला. मग म्हणाली, “आणि तो?”

तो, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“जावईबापू म्हणाले, तुला दाखवू नका,” अण्णा म्हणाले. “मी तुला विचारल्याशिवाय काही करणार नव्हतो.”

“तुम्ही बघितलंत?”

“बघितलं.”

“कसाय? खरं सांगा अण्णा. तुमच्या गिऱ्हाइकांना सांगता तसं नको.”

अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले.

“लहान आहे. माझ्या तळहातावर मावेल एवढा. दाबला गेलाय गं, चपटा झालाय, कातडी काळपट पडलीय. तोंड नीट कळत नाही. पण बोटं आहेत. हाताची आहेत, पायाची आहेत. एक हात असा गालापाशी आहे.” त्यांनी स्वतःचा हात गालापाशी नेऊन दाखवला. “घाबरण्यासारखं काही नाही. वाईट वाटण्यासारखं आहे.”

“आणा,” ती म्हणाली. “त्यांना मी सांगेन काय ते.”

नर्सने पडदा ओढला. अण्णांनी बाळाला तिच्या डाव्या हाताशी ठेवलं, कारण उजव्या हाताला सलाइन होतं, आणि नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं.

“नाही, अण्णा,” ती म्हणाली. “तुम्ही इकडेच बघा.”

ती त्याच्याशी बोलली. काय बोलली ते अण्णांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. बोलणं फार लांबलं नाही. मग तिने आपली ओढणी मागितली आणि एका हाताने जमेल तसं त्याला गुंडाळलं. “ह्याला इथल्या कचऱ्यात नका जाऊ देऊ,” ती म्हणाली. “आणि तिला वर जाऊन सांगा, आई येतेय म्हणावं.”

अण्णा वर गेले. काचेच्या पेटीशी उभे राहून त्यांनी तिथल्या डॉक्टरांदेखत, खणखणीत आवाजात सांगितलं, “आई येतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वयस्क नर्सने कुठूनतरी एक पुठ्ठ्याचं कोरं खोकं मिळवून दिलं. शहराच्या टोकाला लहान मुलांना पुरायची जागा होती. अण्णा बसने निघाले. रिक्षात एकटं बसवेना. खोकं मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले. दोन थांबे गेले आणि त्यांच्या सलूनसमोरचा घड्याळवाला बसमध्ये चढला, शेजारीच येऊन बसला.

“काय अण्णा! आहात कुठे? केस बघा माझे, जंगल झालंय नुसतं. आणि हे काय, नवे बूट घेतलेत वाटतं?”

“नाही,” अण्णा म्हणाले.

“लेकीचं काय झालं? जुळं होतं ना?”

“झालं काल. एक मुलगी, एक मुलगा.”

“अरे वा! दोघं बरी?”

“मुलगी काचेत आहे. सकाळी नळीने दूध दिलं, ते पचलं.” अण्णांनी खोक्यावरचा हात जरा नीट केला. “मुलगा हा इथे आहे.”

घड्याळवाल्याने खोक्याकडे पाहिलं आणि त्याची मान खाली गेली. बस बाजाराच्या थांब्यावर थांबली, माणसं चढली-उतरली, बस सुटली.

“तुमचा थांबा गेला,” अण्णा म्हणाले.

“असू दे,” घड्याळवाला म्हणाला.

शेवटच्या थांब्यावर दोघं उतरले. फाटकापर्यंतचा रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा होता. घड्याळवाला पुढे होऊन वाटेतले दगड पायाने बाजूला करत चालला, आणि मागून अण्णा, दोन्ही हात खोक्याला लावून, सावकाश.