हिवाळ्याचं पथ्य

पेई वैद्यांनी युन्शिउच्या मनगटावर तीन बोटं टेकवली, तशी तिनं हात मागे घेतला.

"मला काही झालेलं नाही. यांच्याबद्दल विचारायचंय."

'हे' म्हणजे तिचा नवरा, कुआंग. तो जाऊन महिनाही झाला नव्हता. वैद्यांनी हात मांडीवर घेतले.

"चार वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणालात ना, 'कुआंगदादा, तुमचा हिवाळा सुरू झाला. हिवाळ्यात दार लावून घ्यावं, आतलं धन जपावं, आयुष्य वाढतं'? मी घरी गेले आणि खालून तापवायच्या झोपण्याच्या ओट्यावरची माझी गादी उचलून पलीकडच्या खोलीत टाकली. हे जायच्या थोडं आधी माझ्या दाराशी आले. म्हणाले, 'अगं, पाय गार पडलेत, जरा शेजारी पडू दे.' मी म्हटलं, 'म्हातारचळ लागलाय का? नव्वदी गाठायचीय ना?' गेले मुकाट्यानं." तिनं बाहीनं नाक पुसलं. "मी बरोबर केलं ना, वैद्यबुवा?"

बोलणं सजवायची वैद्यांना भारी हौस. त्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता, आणि त्यांना सांगायचं होतं ते एवढंच, की थंडी आहे तोवर नवरा-बायकोचा संग बेतानं ठेवा, वसंत आला की मोकळे. पण वय आणि ऋतू एकाच वाक्यात गुंफायचा मोह झाला होता. कुआंग खो खो हसला होता. ही हसली नव्हती, हे आत्ता कुठे त्यांच्या लक्षात आलं.

खरं सांगितलं तर बाई उभी कोसळेल.

"बरोबर केलंत, वहिनी. तुमच्यामुळेच इतकी वर्षं मिळाली त्यांना."

तिनं मोठा सुस्कारा सोडला. मग दाराकडे वळून हाक मारली. बाहेरच्या बाकावर तिची धाकटी बहीण युन्फांग आणि तिचा नवरा मेंग बसले होते.

"या आत! सत्तरी आली तरी एका दुलईत झोपतात, लाज नाही मेल्यांना. यांनाही सांगा, वैद्यबुवा. हिचं माणूस तरी टिकू दे."

मेंगनं हसत हात पुढे केला. नाडी भरदार होती, शांत होती. युन्फांग त्याच्या कोटाची बाही धरून उभी राहिली.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. "आजच गादी हलवते."

बाही मात्र तिनं सोडली नाही. वैद्यांना स्वतःची शरम वाटली. युन्शिउकडे त्यांना बघवेना.

"काही हलवू नका. एकत्रच झोपा. थंडीत जरा बेतानं, बस्स. वेगळं झोपा असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही."

"बघ! मी काय म्हणत होतो?" मेंग बायकोला म्हणाला.

युन्शिउ वैद्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"कुणालाच नाही?" तिनं विचारलं.