कानशीच्या खुणा

मी एक मूठ आहे, फॉइल म्हणतात त्या लवचीक तलवारीची. पाती येतात, मोडतात, भंगारात जातात. मी मात्र जुन्यावरून नव्यावर चढत राहिले. कौतुकाचं धनी पातं, आणि दोषाचंही तेच. खेळाडू हरला की आधी पात्याकडे रागानं बघतो, बुटाखाली दाबून ते सरळ करतो. मुठीला कुणी काही बोलत नाही.

इटलीतल्या येझी गावात, शाळेच्या तळघरातल्या आखाड्यात, एल्विओ वस्तादांनी मला लविनियाच्या हातात दिलं. ती तेव्हा शाळकरी पोर. माझ्या कडा तिच्या बोटांना टोचत. वस्तादांनी कानस काढली आणि मला तिच्या हाताजोगं केलं.

"आवळू नकोस, पोरी. बाजारात पीच बघतेस ना, तसं धर. दाबलंस की दुकानदार ओरडतो."

त्याच हातात मी पुढं जग पाहिलं. ती दोनदा जगज्जेती झाली. पदक गळ्यात पडे, घाम माझ्या वाट्याला येई. माझी तक्रार नव्हती.

मग एका हिवाळ्यात वस्ताद गेले. वसंतात, सराव करताना, लविनियाचा अंगठा मोडला. हाड जुळलं, पण अंगठा पूर्वीसारखा वाकेना. माझी कड त्यात रुतायची. ऑलिम्पिकच्या संघात एकच जागा उरली होती, ती ठरवणारी स्पर्धा तोंडावर आली होती, आणि तिच्या हातून तलवार निसटत होती.

"नवी मूठ घे, नाहीतर ही घास," संघातली देबोरा म्हणाली. "तलवार आहे ती बाई, चर्चमध्ये जपलेलं संताचं हाड नव्हे!"

लविनियानं माझ्यावरून बोट फिरवलं. माझ्यावर वस्तादांच्या कानशीच्या रेघा होत्या. नवी मूठ ती हातात घेई आणि ठेवून देई.

रविवारी ती वस्तादांच्या पत्नीकडे, सिन्योरा नीव्हेसकडे जेवायला गेली. जेवण झाल्यावर तिनं मला टेबलावर ठेवलं.

"या रेघा तेवढ्या राहिल्यात त्यांच्या."

सिन्योरानं चष्मा लावून मला उलटंसुलटं पाहिलं.

"या? या तर शेवटच्या. तुझा हात वाढत होता, तसा एल्विओ दर उन्हाळ्यात हिला घासायचा. आधीच्या रेघा त्यानंच पुसल्या. आणि कुठं, तर माझ्या पाव कापायच्या फळीवर! सगळा कीस चीजमध्ये. किती बोलणी खाल्ली माझी!"

लविनिया हसली, आणि हसता हसता रडू लागली. सिन्योरानं तिला रडू दिलं. मग खणातून कानस काढून पुढ्यात ठेवली.

"फळीवर नको हं. खाली कागद घे."

लविनियाचा हात सुरुवातीला वाकडा चालला. वस्तादांची एकेक रेघ गेली. मग अंगठा नीट बसला.

तिला जागा मिळाली. ऑलिम्पिकमध्ये ती उपांत्य फेरीत एका गुणानं हरली आणि पुढं कांस्यपदक घेऊन आली. त्या हरल्या क्षणी तिनं पात्याकडे पाहिलंही नाही. मास्क काढला, समोरचीशी हात मिळवला आणि दुसऱ्या हातानं मला गच्च आवळलं. ओरडायला कुणी नव्हतं.

आता ती त्याच तळघरात शिकवते. नवा हात आला की आधी कानस काढते. माझ्यावर तिच्या वाकड्या रेघा आहेत. पोरांनो, उद्या मी तुमच्यापैकी कुणाच्या हाती आले, तर त्या जपत बसू नका. खुशाल घासा मला.

खाली कागद मात्र अंथरा.