चुलीची झडप

मित्रांनो, मी एक जुनी विटांची चूल आहे, आणि माझा सहसा कोणावर विश्वास बसत नाही.

बिश्केक शहराच्या कडेला, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथल्या एका बैठ्या घरात मी दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत उभी आहे. माझ्या पोटात दगडी कोळसा जळतो. माझ्या डोक्यावर स्वयंपाक होतो आणि माझी पाठ पलीकडची झोपायची खोली ऊबदार ठेवते. मला येफीम नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याने अडतीस वर्षांपूर्वी बांधले. त्याने एकेक वीट बोटाने वाजवून पाहिली आणि जिचा आवाज बद्द आला ती अंगणात भिरकावली. संशयी स्वभाव मला बहुधा त्याच्याकडूनच मिळाला.

घराचा मालक जपारकुल. तेव्हा तो तरणाबांड होता आणि डोंगरातल्या खाणीतून कोळशाचे ट्रक घाटाने खाली आणायचा. "कोळसा माझ्या हातचा आणि चूल येफीमची! थंडीची काय बिशाद?" असे तो चारचौघांत म्हणायचा. पाहुणे आले की आधी माझ्या पाठीला पाठ लावत, मग सलाम-दुआ करत. त्याच्या बायकोने माझ्यावर पिठाच्या फुगऱ्या गोळ्यांच्या, बोर्सोकच्या, किती कढया तळल्या याची गणती नाही. ती बिचारी सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून सकाळी मला पेटवण्याचे काम जपारकुल स्वतः करू लागला आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देईना.

मुलगा कामासाठी रशियात. घरात सून बेरमेत आणि पाच वर्षांची नात आयझिरेक. बेरमेत शिवणकामाच्या कारखान्यात जाते. तिचा माझ्यावर पहिल्यापासून राग होता. ती खिडकीच्या फळीवरून बोट फिरवायची आणि काळे झालेले बोट सासऱ्यापुढे धरायची.

"बाबा, हे बघा. हेच पोरीच्या छातीत जातंय. डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरलात?"

"चाळीस वर्षं मी हेच खाल्लं. मेलो का मी?"

"तुम्ही खोकलात की शेजारचा कुत्रा भुंकतो, बाबा."

आयझिरेकचा खोकला दर हिवाळ्यात वाढत होता, हे खरे. पण सगळ्या गावाचा धूर माझ्याच माथी का? मला तो अन्याय वाटायचा.

शेवटी शरद ऋतूत नवऱ्याशी फोनवर बोलून बेरमेतने विजेची एक पांढरी पेटी भिंतीवर लावून घेतली. ती पाणी तापवून खिडक्यांखालच्या नळ्यांतून घरभर फिरवायची. स्वयंपाकालाही विजेची शेगडी आली. जपारकुलने अट घातली. "हा हिवाळा पेटीवर काढू. टिकली तर चूल मी स्वतः घणाने फोडीन. नाही टिकली तर पेटी अंगणात."

झाले! माझे मरण त्या पेटीच्या हाती गेले. मी दिवसरात्र तिच्यावर नजर ठेवली. ती खात नव्हती, राख टाकत नव्हती, तिला साधा आवाजही नव्हता. जो खात नाही आणि राख टाकत नाही, तो काहीतरी लपवतोच, अशी माझी खात्री होती. जपारकुलही माझ्यासारखाच. येता-जाता नळीला हात लावायचा आणि ती गरम लागली की तोंड वाकडे करायचा.

"वीज म्हणजे नवी सून," तो म्हणायचा. "जरा थंडी वाढली की माहेरी पळते."

"मी आठ वर्षांत किती वेळा पळाले, बाबा?" बेरमेत विचारायची. मग तो चहाच्या वाटीत बघत बसायचा.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. घर ऊबदार राहिले. आयझिरेक खोकत नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरे सांगते, मला राग आला.

आणि जानेवारीतल्या एका दुपारी वीज गेली. सगळी गल्ली गारठली. बेरमेत कामावर होती. जपारकुल उठला तो लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखा. त्याने माझ्या पोटात तोंडापर्यंत कोळसा भरला आणि मला पेटवले. तीन महिन्यांनी! मी अशी धगधगले की आयझिरेक पलीकडे माझ्या पाठीशी गोधडी ओढून झोपी गेली.

तासाभराने वीज आली. जपारकुलने पेटी चालू केलीच नाही. बेरमेत पाच वाजता येणार होती. तिने दारात पाऊल टाकताच तिला माझी ऊब लागली पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. ऊब धुराड्यातून वाया जाऊ नये म्हणून त्याने माझ्या धुराड्याचे तोंड बंद करणारी लोखंडी झडप लावून टाकली.

मित्रांनो, निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असताना झडप लावायची नसते. त्या वेळी माझ्या पोटात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. वर जायची वाट बंद झाली की तो घरात उतरतो. हे जपारकुलला माझ्याइतकेच ठाऊक होते. पण जिंकण्याच्या घाईत त्याने निखाऱ्यांकडे पाहिले नाही.

मी थांबवू शकत नव्हते. माझ्या फटींतून ते विष सुटत होते आणि माझ्याच पाठीशी ती पोर झोपली होती.

जपारकुलचे डोके ठणकू लागले. चहा जास्त झाला असेल, असे पुटपुटत तो आणखी कोळसा आणायला अंगणात गेला. पायरीवर त्याचे गुडघे वाकले आणि तो बर्फात बसला. गार हवा छातीत गेली तसे सगळे त्याच्या ध्यानात आले. तो रांगत आत आला, आयझिरेकला गोधडीसकट ओढत बाहेर घेऊन गेला आणि तिच्या तोंडाला बर्फ चोळू लागला. "ऊठ गं माझ्या शिंगरा! ऊठ, तुझ्या आजोबाला, चोंगअताला हाक मार!" ती ओकली, मग रडली. ते रडणे ऐकून मला जेवढे बरे वाटले तेवढे कोणत्याच स्तुतीने वाटले नव्हते.

बेरमेत फाटकातून आली तेव्हा दोघे बर्फात बसलेले, जपारकुलच्या पायात नुसते मोजे.

"काय झालं? पेटीनं काही केलं का?" ती ओरडली.

मला वाटले, आता हा हो म्हणणार. हो म्हटले असते तर पेटी अंगणात गेली असती आणि मी राहिले असते. आणि लाज वाटते सांगायला, क्षणभर मलाही तेच हवे होते.

"पेटीचा दोष नाही," जपारकुल म्हणाला. "चूल मी पेटवली. झडप मी लावली, बाळ. या हातांनी."

 पोरीला उचलून बेरमेत शेजाऱ्याच्या गाडीने दवाखान्यात गेली. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या, तेव्हा जपारकुल घण घेऊन माझ्यासमोर उभा होता.

"थांबा, बाबा. वीज पुन्हा जाईल. तेव्हा ही पोर गारठली तर?"

"मग काय करू?"

"झडप काढा."

त्याने ती लोखंडी झडप उपसली आणि तिची जागा उघडी ठेवून दिली. घर आता विजेवर चालते. वीज गेली तरच मला पेटवतात, आणि माझी ऊब तासाभरात आकाशात निघून जाते. त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने कोणी असेल, तर त्याच्या वयाकडे बघून डोळे मिटू नका. धुराडे साफ करा. खिडकी थोडी उघडी ठेवा. मी आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला, स्वतःवर कधी घेतला नाही. आता आयझिरेक माझ्याजवळ येते तेव्हा लगेच पाठ टेकत नाही. आधी वाकून माझ्या पोटात बघते आणि विचारते, "आज निळं काही नाही ना?"

विचार गं पोरी, रोज विचार. मी कितीही ऊबदार असले तरी विचार.