चेनलॉकची क्लिप

शंकरच्या घरची गाडी मेकॅनिककडे जात नसे, हा घरचा कायदाच होता. अंबरनाथच्या कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून काढलेल्या माणसाने स्वतःची मोटरसायकल दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हणजे आचाऱ्याने घरी डबा मागवण्यासारखं, असं तो म्हणायचा. रिटायर झाल्यावर उजव्या हाताला कंप जडला, तरी कायदा तोच राहिला. "हात कापतो, डोकं नाही," हे ऐकून ऐकून घरच्यांचे कान किटले होते.

ती मोटरसायकल आता त्याची मुलगी श्रद्धा चालवायची. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून रोज बदलापूरला, एका लॅबमध्ये कामाला. शनिवारी ती गल्लीत शिरली आणि शंकरने खिडकीतूनच ओळखलं. वेग धरताना खटखट आणि मध्येच झटका. तो लुंगी सावरत खाली उतरला.

"पप्पा, चेन तर परवाच ताणली होती ना तुम्ही?"

"ताणून ताणून किती ताणणार? हे बघ." त्याने मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चक्रावरून, चेन बोटाने ओढली, तर चांगली फट पडली. दाते झिजून मांजरीच्या नखांसारखे एका अंगाला वळले होते. "नुसती चेन टाकली तर हे दाते तिलापण खाणार. मागचं, पुढचं, सगळा सेट बदलायचा."

त्या दिवशी त्याला दोन घास जास्त गेले.

रविवारी त्याने जिन्याखाली पेपर अंथरला आणि मांडी ठोकली. मागचं चाक उतरवलं, जुनी स्प्रॉकेटं काढून नवी बसवली, चेन ओवली. नट हातातून निसटायचे, पाना घसरायचा. श्रद्धा जवळ आली की तो तिला हुसकावून लावायचा. शेवटी उरली चेनलॉकची क्लिप. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीवर ती बसते. ती नसेल तर कडी कधी निसटेल याचा नेम नाही. आहे केवढी, तर नखाएवढी. ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा त्याने श्वास रोखून पक्कड दाबली आणि टक् असा आवाज आला.

"जमलं का पप्पा?"

"न जमायला काय झालं!" म्हणत त्याने चेनवर कव्हर चढवलं.

सोमवारी सकाळी श्रद्धा गाडी घेऊन गेली. शंकर कालचा पसारा आवरायला खाली आला, पेपर झटकला आणि काहीतरी टिणकन फरशीवर पडलं. त्याने वाकून उचललं. क्लिप होती. म्हणजे काल टक् वाजली ती नुसती पक्कड.

भर वेगात चेन सुटली तर चाकात गुंतते, चाक जाम होतं, आणि बदलापूरच्या रस्त्याला मागे कायम टँकर असतात. त्याने फोन लावला. नुसती रिंग. गाडी चालवताना ती फोन घेत नाही, ही शिस्तही त्यानेच लावलेली. पुन्हा लावायला गेला तर अंगठा भलतीकडेच पडायला लागला. मग तो तसाच, अनवाणी, क्लिप मुठीत धरून नाक्याकडे पळत सुटला. काय करणार होता, देव जाणे. मिळेल त्या रिक्षात बसून तिला गाठायचं, एवढंच डोक्यात होतं.

नाक्यावर मधु सिंधीचं गॅरेज. त्याच्यासमोर शंकरची मोटरसायकल उभी होती, कव्हर काढलेलं, आणि श्रद्धा शेजारी हेल्मेट हातात घेऊन उभी.

शंकरचे डोळे भरून आले. हाक मारणार, तेवढ्यात मधु बोलला.

"देख बेटी, क्लिप डालीच नहीं. अब तो बोल दे उनको. पिछली बार ब्रेक के शू, उसके पहले क्लच का केबल. हर बार वो करता है, हर बार मैं खोलता है."

"नको मधुभाई," श्रद्धा म्हणाली. "कळलं तर ते पाना खाली ठेवतील. मग दिवसभर करतील काय? तुम्ही बस चेक करत जा."

जीन्सचे गठ्ठे लादलेला एक टेम्पो बाजूला उभा होता. शंकर त्याच्या आड झाला. ज्याच्या घरची गाडी मेकॅनिककडे जात नाही, तो माणूस आपल्याच गाडीपासून लपून उभा होता. ब्रेक झाल्यावर त्याने आठवडाभर मिशीला पीळ दिला होता. क्लचच्या वेळी तर शेजाऱ्यांना जिन्याखाली बोलावून दाखवलं होतं. त्यातलं आपलं काय होतं? काहीच नव्हतं. आणि पोरीवर रागवायचं म्हटलं, तर रागवणार तरी कशावर? ती गाडी घेऊन निघून गेली तरी तो तिथेच होता.

संध्याकाळी श्रद्धा हसत घरात शिरली. "पप्पा, गाडी एकदम मख्खन चालतेय!"

"वाटेत कुठे थांबलीस?"

"छे हो, थेट बदलापूर." तिने पर्स खुंटीला अडकवली. "पण हॉर्न जरा घोगरा वाजतोय. रविवारी बघाल का?"

शंकरने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. रविवारी तो उघडणार, सोमवारी मधु निस्तरणार. नाही म्हणायचं, तर का ते सांगावं लागणार होतं.

"बघतो की," तो म्हणाला.