डाव्या खांद्याचा उतार

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शैलजा वझलवारांनी चंदेरीच्या तुकड्यावर टेकवलेला खडू उचलला, बाजूला ठेवला आणि त्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. फोनवर नुकताच एक मेसेज आला होता. पाठवणारी यामिनी, पुण्याची गिऱ्हाईक. ‘आंटी, माप ग़लत नहीं है. बचपन में कंधे की हड्डी टूटी थी.’

बाईंनी तो चारदा वाचला. पाचव्यांदा वाचायला गेल्या तर अक्षरं दिसेनात, म्हणून चष्मा काढून पदराने पुसला. चष्मा स्वच्छच होता.

हिंदी मुलखातल्या एका शहराच्या कडेला, रांझीत, फॅक्टरीच्या क्वार्टर्सना लागून असलेल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्या एकवीस वर्षं ब्लाउज शिवत होत्या. नवरा रत्नाकर त्याच फॅक्टरीतून निवृत्त झालेला. एकुलता एक मुलगा अनुपम, सत्तावीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला. सहा वर्षांपूर्वी त्याच शहरातल्या गढ्याहून सरोजिनी आली. नवरीमुली सजवायचं काम करणारी, जन्माच्या दाखल्यावर मुलगा आणि बाकी सगळीकडे बाई. तीन शिंप्यांनी तिचं माप घ्यायला नकार दिला होता. शैलजाबाईंनी गळ्यातली टेप काढली आणि म्हणाल्या, “हात वर. श्वास सोड. पोट काहून आत ओढून राहिली? ब्लाउज तुला घालायचा आहे, फोटोला नाही.”

तो ब्लाउज असा बसला की सरोजिनीच्या ओळखीच्या सगळ्याजणी रांझीची वाट विचारत आल्या. ज्यांना येणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी सरोजिनीने फोनवर एक ग्रुप केला. त्यात शैलजाबाई आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत बोलून मेसेज टाकायच्या. खांदे रुंद असतील तर आडवा बोट नेक आणि फुगे बाही विसरा, गळा व्हीचा ठेवा. बाहीची शिवण खांद्याच्या टोकावर नको, अर्धा इंच आत घ्या, खांदा आपोआप लहान दिसतो. पदराच्या निऱ्या बारीक करून गळ्याकडे सरकवून पिन लावा. परकराला कमरेखाली दोन चुण्या जास्त टाका, कंबर दिसायला लागते. दाढीची निळसर छटा लपत नसेल तर आधी गरम पाण्याने दाढी, मग केशरी लिपस्टिक बोटाने थापायची, घासायची नाही, त्यावर फाउंडेशन. एकदा कोणीतरी विचारलं, आंटी, तुम्हाला हे लिपस्टिकचं कुठून कळलं? “सरोजिनीकडून,” त्या म्हणाल्या. “मी फक्त मोठ्याने सांगते.”

त्यांची एक अट सगळ्यांना ठाऊक होती. बाहेरगावचं माप दुसऱ्या माणसाकडून घेतलेलं हवं, आणि दोन्ही खांद्यांचा उतार वेगवेगळा हवा. बाकी कोणी शिंपी असं मागत नाही, एक खांदा मोजतात आणि दुसरा तसाच धरतात. शैलजाबाईंनाही ही सवय एका अपघाताने लागली होती. अनुपम सात वर्षांचा असताना क्वार्टरच्या मागच्या पेरूवरून पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि आखडून जुळलं. तेव्हापासून त्याचा प्रत्येक शर्ट डावीकडे पाऊण इंच वेगळा कापावा लागायचा. आत कापसाची गादी घालून त्या खांदे सारखे करायच्या, इतके की शाळेत कोणाला कळलं नाही.

यामिनीचं माप गेल्या बुधवारी आलं. उजवा उतार दीड इंच, डावा सव्वादोन. बाईंनी उलट टपाली कळवलं की बेटा, टेप तिरपी धरली, परत घे. परत तेच आलं. त्यांनी चिडून लिहिलं, माप घेणाऱ्याला सांग की झोपेतून उठून ये. तिसऱ्यांदाही सव्वादोनच. आणि आज, अकरा दहाला, हाड.

हाडं पुष्कळांची मोडतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग उठून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले कापणीचे खाकी कागदाचे फर्मे खाली काढले. ‘अनुपम, कुर्ता’ असं पेन्सिलीने लिहिलेला फर्मा तीन वर्षांपूर्वीचा होता, त्याच्या मावसबहिणीच्या लग्नातला. त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापलेल्या होत्या. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि यामिनीच्या आकड्यांनी टेप लावली. पाठ सव्वासतरा. जुळली. मानेच्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत, दोन्हीकडे. जुळलं. खांद्यापासून कोपर चौदाला दोन सूत कमी. जुळलं. छाती जुळली नाही, कंबर जुळली नाही. मांस चढतं, उतरतं. हाड कुठे जात नाही.

आतून रत्नाकर ओरडले, “शैला, आज चहा मिळून राहिला की उपास आहे?”

“येते,” त्या म्हणाल्या आणि गेल्या नाहीत.

यामिनी ग्रुपवर आली ती मार्चमध्ये. नंबर अनोळखी, गाव पुणे, फोटोच्या जागी जास्वंद. ती कधी आवाज पाठवायची नाही, नेहमी लिहायची, तेही हिंदीत. शैलजाबाईंना वाटलं, आवाजाची लाज असेल, बऱ्याचजणींना असते. त्यांनी तिला वेगळं बोलून पाठवलंही होतं की बेटा, आवाजाचं टेन्शन घेऊ नको, मी दिवसभर फॅक्टरीचा भोंगा ऐकते. त्यावर तिने हसणारे तीन चेहरे टाकले होते. अनुपम दर रविवारी फोन करायचा, मराठीत बोलायचा, जेवलास का आणि पाऊस आहे का यापलीकडे फार काही नाही.

आता त्या फोन कानाला लावून सहा महिन्यांचं आपलंच बोलणं ऐकत बसल्या. भुवया कोरण्याआधी बर्फ लाव. काजळ खालच्या पापणीत पूर्ण नको, डोळा बारीक होतो. पहिली साडी सुतीच घे, सिल्क अंगावरून पळतं. प्रत्येक मेसेजमध्ये बेटा, बेटा. मग भाद्रपदातला तो मेसेज आला. यामिनीने विचारलं होतं, ‘आंटी, मम्मी को बताऊँ क्या?’ आणि त्यावर त्यांचा स्वतःचा आवाज, मागे मशीनची खडखड, सुरात एक समाधान.

“एकदम मत बताना, बेटा. पहले एक दिन अच्छे से तैयार होके सामने खडी रहना. फिटिंग बरोबर हो ना, तो माँ की नजर आधी तिथे जाते. मेरा बेटा भी पुणे में है, उसके लिए लडकी देख रहे हैं. भगवान की किरपा से मेरे घर में ऐसा कुछ नहीं, इसलिए तो मैं तुम सब का काम ठंडे दिमाग से कर पाती हूँ.”

त्यानंतर एकोणीस दिवस यामिनीचा एकही मेसेज नव्हता. बाईंनी तारखा बोटांवर मोजल्या. विसाव्या दिवशी तिने लिहिलं होतं, ‘ब्लाउज सिलवाना है. आप ही से.’

पोरगं परकं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे कान धरून माफी मागितली असती. इथे सहा महिने कोण कोणाशी बोलतंय ते ऐकणाऱ्याला ठाऊक होतं. फक्त बोलणारीला नव्हतं.

दीडच्या सुमाराला सरोजिनी आली. दोन नवरीमुलींचे ब्लाउज न्यायचे होते. दारातच ती थबकली.

“क्या हुआ दीदी? चेहरा असा का? कोणी गेलं का?”

शैलजाबाईंनी फर्म्यावर बोट ठेवलं. “यामिनी कोण आहे?”

सरोजिनीने नाव वाचलं. खुर्ची ओढून बसली आणि ओढणीने वारा घेऊ लागली. “मला मागच्या महिन्यात कळलं. कसम घातली होती तिने.”

“तू माझ्या घरात चहा पिऊन जात होतीस.”

“बिस्कुट भी खाती थी. म्हणून काय कसम मोडू?”

“सरोजिनी, मस्करी करू नको.”

“नाही करत.” ती पुढे वाकली. “दीदी, दोन साल पहले माझ्या आईला समजवायला गढ्याला कोण आलं होतं? एक तास बसून कोण म्हणालं, लेकरू लेकरूच असते? माझी आई अजून सांगते सगळ्यांना, वो मराठी दीदी ने मेरी आँखें खोलीं. आता तुमच्यासाठी कोणाला बोलावू? माझ्या आईला आणू का रिक्षात घालून?”

शैलजाबाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, “दुसऱ्याच्या घरी बोलणं सोपं होतं.”

“हाँ. वो तो सबको आसान पडता है.” सरोजिनीने ओढणी खांद्यावर टाकली. “ती येते आहे, दीदी. तुम्हीच सांगितलं होतं ना, नीट तयार होऊन समोर उभी राहा. त्यासाठीच शिवून घेते आहे. गाडीतून उतरली की माझ्याकडे तयार होणार आणि मग इथे. तुम्हाला आधी कळायचं नव्हतं. तुम्ही माप दोनदा परत केलं नसतं तर कळलंही नसतं.”

ब्लाउज घेऊन ती निघाली. पायरीवरून वळून म्हणाली, “शिवणार ना?”

शैलजाबाईंनी फर्मा गुंडाळायला घेतला.

चारला रत्नाकर स्वतःच चहा करून घेऊन आले. एक कप शैलजाबाईंसमोर ठेवला. “अनुपमचा फोन होता मघाशी. गुरुवारी सकाळच्या गाडीने येऊन राहिला. म्हटलं स्कूटर घेऊन येतो, तर नको नको म्हणे, मी येईन ऑटोने. काहून नको? बापाला लाजतो का आता? मी जाणार म्हणजे जाणार.” त्यांनी बशीत चहा ओतला. “रविवारी मुलीकडचे नागपूरचे लोक आले की त्याला जरा नीट शर्ट घालायला लाव. तू शिवलेला. डावीकडून बरोबर दिसते.”

“अहो,” शैलजाबाई म्हणाल्या.

“काय?”

त्यांनी तोंड उघडलं. रत्नाकरांच्या मिशीला साय लागली होती. तेवीस वर्षं लेथवर उभं राहून त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं आणि मुलाच्या लग्नाच्या गोष्टीशिवाय सध्या त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

“काही नाही. साय पुसा.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी यामिनीला अकरा मेसेज लिहिले आणि अकरा पुसले. एकात ‘मला माफ कर’ होतं. एकात ‘तुझ्या बाबांना काय सांगू’. एकात नुसतं ‘अनुपम’. सव्वापाचला त्यांनी जे पाठवलं ते त्यांच्या धंद्यातलंच होतं, पण पहिल्यांदा मराठीत. ‘डावीकडे गादी घालून खांदे सारखे करू, की उतार आहे तसाच कापू?’

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. वर ‘टायपिंग’ असं दिसलं, गेलं, परत दिसलं. मग पुण्याकडून काहीच आलं नाही. बुधवारीही नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी कापड कापलं. त्या कापताना कधी थांबत नसत, त्या दिवशी तीनदा थांबल्या. उत्तर आलं नव्हतं म्हणून उतार होता तसाच ठेवला आणि गादी घातली नाही. व्हीचा गळा, कोपरापर्यंत बाही, शिवण अर्धा इंच आत, अस्तर मऊ सुती. काम इतकं चोख झालं की त्यांना स्वतःचाच राग आला. हात शिवत होते आणि डोक्यात एकच विचार होता की दार उघडल्यावर आपल्या चेहऱ्यावर काय असेल. गिऱ्हाइकांना त्या नेहमी सांगायच्या, आरशात पहिली पाच मिनिटं स्वतःला शिव्या देऊ नका. दारात उभ्या असलेल्या पोरीला पाच मिनिटं कोण देतं? ती पहिला क्षणच वाचणार. सत्तावीस वर्षं तिने हाच चेहरा वाचला होता.

गुरुवारी सकाळी सात वाजता सरोजिनीचा भाचा केतन येऊन ब्लाउज घेऊन गेला. नऊला रत्नाकर स्कूटर काढून स्टेशनकडे निघाले. शैलजाबाईंनी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. दारापर्यंत गेल्या, हेल्मेट हातात दिलं, “सावकाश जा” म्हणाल्या आणि परत आल्या.

नऊ बावन्नला रत्नाकरांचा फोन आला. “गाडी लागली. डबा रिकामा झाला पूर्ण. अनुपम उतरलाच नाही! फोन बंद सांगून राहिला. तुला काही म्हणाला होता का?”

“बघते,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तो ठेवता ठेवता स्क्रीनवर जास्वंद दिसलं. मेसेज मराठीत होता, नऊ अठ्ठेचाळीसचा. ‘मी आधीच्या छोट्या स्टेशनवर, मदन महललाच उतरले. सरोजिनीदीदी घ्यायला आली आहे. बाबा मोठ्या स्टेशनवर असतील, त्यांना मी फोन करू शकत नाही. ब्लाउज मिळाला. बाराला घरी येऊ का? तू नाही म्हणालीस तर संध्याकाळच्या गाडीने परत जाते. खरं काय ते सांग.’

शैलजाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रत्नाकर पुन्हा फोन करत होते. त्यांनी तो कापला. तो परत वाजला.

दहा वाजून चौदा मिनिटांपर्यंत मेसेज वाचला गेला होता आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं. रत्नाकर तेव्हा रेल्वे पोलिसांच्या खिडकीपुढे उभे होते आणि आतला शिपाई त्यांना मुलाचं वर्णन विचारत होता.